शनिवारी नको, बुधवारी ये

चि. सोनूस,


तुझा मेसेज मिळाला. ऑफिसातले दहा-बारा जण मिळून एका शनिवारी आमच्या मानखुर्दच्या वस्तीत ‘मुलांसाठी काहीतरी’ करायचं म्हणतेस. फोनवर सांगायला लागले की तू मध्येच ‘अगं मावशी, ऐक तर’ सुरू करशील, म्हणून लिहूनच टाकते.

दहा-बारा जण नकोत. तू एकटी ये, आणि बुधवारी ये. शनिवारी इथे तशीही झुंबड असते. कुणी वाढदिवसाचा केक घेऊन येतं, कुणी दप्तरं वाटतं. पोरंही पक्की! एका सुरात ‘थँक्यू दीदी’ म्हणतात, नाचून दाखवतात. हा पाहुणा परत येणार नाही, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलेलं असतं. देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण दप्तर नव्हतं म्हणून शाळा सुटली, असं पोर मला इथे अजून भेटायचं आहे.

शाळा सुटते ती सातवी-आठवीनंतर. महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा फारच थोड्या. मग दाखला काढा, लांबची शाळा शोधा, बसचे पैसे उभे करा. त्यात धाकटं भावंड घरी आणि आई कामावर असली, की मुलीचं नाव पटावर नुसतं राहतं, मुलगी घरी.

आणि जी पोरं टिकतात त्यांचं काय, ते बघायला बुधवारी पोटमाळ्यावरच्या आमच्या वर्गात ये. आठवीतला एक मुलगा आहे. वही बघशील तर शाबासकी देशील, अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतो. मी म्हटलं, आता हे वाच. पहिली दोन अक्षरं बघायची आणि उरलेला शब्द ठोकून द्यायचा! ‘परिणाम’ला ‘परिमाण’, ‘व्यवस्था’ला ‘व्यवसाय’. आवाज ठणठणीत, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. इतक्या वर्षांत त्याला कुणी एकट्याला शेजारी बसवून वाचायला लावलेलंच नाही. आता लावतो, तेही सलग नाही. खालून ‘पाणी आलं!’ अशी हाक आली, की पोटमाळ्यावरचा अख्खा वर्ग शिडीवरून खाली. तो दोन कॅन भरतो, ओल्या शर्टाने वर येतो आणि बोट ठेवलेली ओळ बरोबर शोधतो. म्हणून वाचन आम्ही आधी उरकतो, गणित पाण्यानंतर.

शिकवणार कोण, हा तुझा प्रश्न. तू नाही! ते वस्तीतली ताई करते. बारावी झालेली, याच गल्लीत वाढलेली. कोणाचा बाप कधी घरी असतो हे तिला पाठ. ही काही आमची अक्कल नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी अशाच होत्या: वस्तीतल्याच मुली, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि बडोद्यात त्या कामाचा अभ्यास झाला. तो करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे पुढे २०१९ साली अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. सर्वांत कच्च्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला, हे जो तो सांगतो. ते काम थांबल्यावर वर्षभरात कमावलेलं बरंचसं ओसरलं, हे मात्र भाषणांत कुणी काढत नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं. म्हणून विचारते, दोन वर्षं दर बुधवारी येशील? पावसात हार्बरची लोकल रखडली तरी? नसेल जमत तर आत्ताच सांग, राग नाही. जून ते दिवाळी येऊन गायब होणाऱ्यांपेक्षा न येणारे बरे.

तुझं काम ताईला जे ठाऊक नाही तिथे. दहावीत दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं, शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते, आयटीआयला अर्ज कधी करायचा, हे इथे घरात कुणालाच माहीत नसतं. नापास म्हटलं की पोरगा वडापावच्या गाडीवर. तुझ्या घरी हे बाबा बघायचे, म्हणून तुला ते काम वाटलंच नाही कधी.

सध्या नववीतल्या एका मुलीच्या जातीच्या दाखल्यामागे लागलो आहोत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. हिचे आजोबा मराठवाड्यातून मुंबईत आले ते हातात काही न घेता. शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही, म्हणून शाळेची नोंदही नाही. आता पणजोबांची नोंद गावच्या जन्म-मृत्यूंच्या कोतवाल बुकात सापडते का, ते गावाकडचा चुलता तहसीलमध्ये बघतो आहे. नक्कल मिळालीच तर ती जीर्ण असणार, आणि गल्लीतल्या सायबर कॅफेत स्कॅन केली की काळा डाग येतो. तुमच्या ऑफिसात चांगला स्कॅनर आहे ना? तो वापरू देतात का, तेवढं विचारून ठेव.

बुधवारी सहा वाजता मानखुर्द स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी थांब, ताई न्यायला येईल. चॉकलेटं आणू नकोस.

तुझी,
मावशी