हुकूम कुठून सुटतो

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाचे दोन तालुके आहेत. एक चांदूर बाजार, संत्र्याच्या पट्ट्यातला. दुसरा चांदूर रेल्वे. मी तालुकावार पावसाच्या नोंदी लावतो. अमरावतीचे १४ तालुके, अकोल्याचे ७. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, पण आत फायलींची नावं तीच आणि त्यांना जोडणारे हुकूमही तेच. कमांड लाइन गावाचं नाव विचारत नाही. ज्या फोल्डरात उभी असेल, तिथलंच काम करते.

म्हणून दर तालुक्याचा एक शॉर्टकट मी डेस्कटॉपवर ठेवतो. कृती सोपी आहे. उजवं क्लिक, 'न्यू', 'शॉर्टकट'. ठिकाण विचारलं की 'सीएमडी' लिहायचं. मग 'प्रॉपर्टीज'मधल्या 'स्टार्ट इन' या चौकटीत फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यायचा. दोनदा क्लिक केलं की काळी खिडकी थेट तिथंच उघडते.

हाच शॉर्टकट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, तर विंडोज ती चौकट मानत नाही. खिडकी 'सिस्टिम ३२'मध्ये, विंडोजच्या स्वतःच्या फायलींत उघडते. तिथं पुसण्याचा हुकूम सुटला तर नुकसान मोठं. त्यासाठी पत्ता 'टार्गेट'मध्येच घालावा: सीएमडी, स्लॅश के, सीडी, स्लॅश डी आणि पुढे फोल्डर. 'के'मुळे खिडकी उघडी राहते. 'डी' गाळला, तर नोंदी डी ड्राइव्हवर आणि आपण सी ड्राइव्हवरच. 'के'च्या आधी 'स्लॅश टी' देऊन रंगही ठरवता येतो. 'के'नंतरचं सगळं हुकुमात धरलं जातं, म्हणून रंग आधी. माझ्याकडं दोन्ही चांदुरांचे रंग वेगळे आहेत.

एवढी काळजी कशाला? चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. संत्र्याच्या हवामान आधारित विम्यातही पावसाच्या आकड्यावर भरपाई ठरते. नोंदीतला आकडा हा कुणाच्या तरी बागेचा, कुणाच्या तरी कपाशीचा असतो. तो दुसऱ्या तालुक्याच्या नावावर गेला, तर तक्ता नीटनेटका दिसतो आणि खोटा असतो.

महिनाअखेरीला डोळे थकतात, बोटं सवयीनं चालतात. अशा वेळी सावध राहण्याचा निश्चय पुरत नाही. डोकं ताजं असताना जागा एकदा विचारपूर्वक ठरवून ठेवावी, शॉर्टकटला तालुक्याचं पूर्ण नाव द्यावं. मग आपल्या जागी उद्या नवा ऑपरेटर बसला, तरी त्याच्या हातून चांदूर बाजारचा पाऊस चांदूर बाजारच्याच खात्यात पडेल.