आमच्या सिनेमाचा संच कोण काढणार?

"दादा, आता सगळं मोबाईलवर मिळते, ह्या सीड्या कायले सांभाळून ठेवल्या?" असं चळवळीतलीच पोरं मला विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन गृहीतकं आहेत. जे आज मिळतं ते उद्याही मिळेल, हे एक. आणि ते जपायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी आहे, हे दुसरं. आपल्या समाजाच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतकं खोटी आहेत, म्हणून हे लिहितोय.

डीव्हीडीचा जमाना ऐन भरात होता तेव्हा 'स्पेशल एडिशन', 'कलेक्टर्स एडिशन' असे संच निघत. जाड पुठ्ठ्याचा डबा, आत चार-सहा डिस्क, एक पुस्तिका, दिग्दर्शकाची मुलाखत, कापलेली दृश्यं. अकोल्याच्या दुकानात अशा डब्यांची रांग मी पाहिलेली आहे. रामायण, महाभारत, शोले, मुघल-ए-आझम. बाजार एखाद्या सिनेमाला असा डबा देतो तेव्हा तो एक निकालच देत असतो, की हा सिनेमा पुढच्या पिढीला मिळाला पाहिजे आणि तो कसा बनला हेही तिला कळलं पाहिजे. त्या रांगेत आपलं काय होतं? काहीच नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागताच दूरदर्शनने तीस वर्षांपूर्वीचं रामायण चार दिवसांत पुन्हा सुरू केलं. जपून ठेवलेलं होतं म्हणूनच ना?

आपला बाजार वेगळा होता. तो वर्षातून दोनदा भरायचा, दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरला. पुस्तकं, पंचशील ध्वज, मूर्ती, कॅलेंडर आणि त्यांच्याच शेजारी सीडीचे स्टॉल. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावातून दरवर्षी एक गाडी नागपूरला जायची. येताना प्रत्येकाच्या पिशवीत पुस्तकासोबत दोन-चार सीड्या असायच्याच. गावात व्हीसीडी काय आणि डीव्हीडी काय, सगळ्यांना 'सीडी'च म्हणतात. बहुतेक भीमगीतं, पण त्यात सिनेमेही असत. पातळ प्लास्टिकचं पाकीट, रंग फाकलेलं कव्हर, नावात दोन चुका. माझं कपाट अशाच पाकिटांनी भरलेलं आहे. विकत घेतलेले खरे संच त्यात मोजून दोन.

याला चोरीचा माल म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांना एकच उदाहरण देतो. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट केंद्र सरकार आणि महाराष्ट्र सरकार यांच्या पैशातून झाला, निर्मिती एनएफडीसीची. १९९८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मामुट्टींना सर्वोत्कृष्ट अभिनेता, शिवाय इंग्रजीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि कला दिग्दर्शनाचाही पुरस्कार. म्हणजे जनतेच्या पैशाचा, राष्ट्रीय पुरस्कारांचा चित्रपट, तोही घटनाकारांवरचा! आणि तमिळमध्ये तो लोकांपुढे यायला डिसेंबर २०१० उजाडला. तेही मद्रास उच्च न्यायालयात एका वकिलाने दाद मागितल्यावर. आमच्या तालुक्यातल्या टॉकीजला तो कधी लागला नाही. आम्ही पाहिला तो दीक्षाभूमीवरच्या पाकिटातून, जयंतीच्या आदल्या रात्री, समाज मंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून. सरकारने बनवलेला सिनेमा गावापर्यंत त्या स्टॉलवाल्याने पोचवला. आता सांगा, वितरक कोण?

त्याच काळात मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. बसस्टँडवरच्या पानटपरीवर सिनेमे टांगलेले दिसू लागले. स्वस्ताईचा फायदा आपल्यालाही झाला, मी नाही म्हणत नाही. पण कंपनी बाजाराचीच. जे खपतं ते छापलं. पुढे ती कंपनीही बुडाली आणि दुकानं मोबाईल रिचार्जची झाली.

"पण दादा, आता ओटीटी आहे ना?" आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जय भीम' थेट ॲमेझॉनवर आला. तमिळसोबत हिंदी, तेलुगू, कन्नड, मल्याळम होतं. ज्या मातीत 'जय भीम' हा नारा जन्मला तिची भाषा त्यात नव्हती, हा भाग वेगळा. मुद्दा असा, की तो सिनेमा तुम्ही पाहिला, तुमच्याकडे तो नाही. भाडं थकलं की दार बंद. आणि भाडं भरूनही दार बंद होतं. 'अन्नपूर्णी' आठवतो? ब्राह्मण घरातली मुलगी स्वयंपाकी होते, मांस शिजवते, खाते. एवढ्यावरून तक्रारी झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये तो नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. ज्यांच्या मोबाईलवर तो आदल्या दिवशी होता त्यांच्याही मोबाईलवर दुसऱ्या दिवशी नव्हता. ज्याच्या घरात डिस्क आहे त्याच्या घरात शिरून ती कुणी काढून नेत नाही.

हे फक्त आपल्याच देशात घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्क लढ्यावर हेन्री हॅम्प्टन यांनी 'आईज ऑन द प्राइझ' ही १४ भागांची माहितीपट मालिका केली. पहिले ६ भाग १९८७ मध्ये, पुढचे ८ भाग १९९० मध्ये आले. तिच्यात जुन्या बातम्यांची दृश्यं, फोटो, गाणी आहेत, आणि त्या प्रत्येक तुकड्याच्या वापराची परवानगी ठरावीक वर्षांपुरती विकत घेतलेली होती. मुदत संपली. नव्याने पैसे भरायची ऐपत नव्हती. झालं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्याचा सर्वांत मोठा चित्रित दस्तऐवज १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ना टीव्हीवर, ना दुकानात. शाळा-वाचनालयांत राहिलेल्या जुन्या टेप तेवढ्या उरल्या. २००५ मध्ये कार्यकर्त्यांनी उरलेल्या प्रतींवरून ठिकठिकाणी जाहीर खेळ लावायची मोहीम काढली. फोर्ड फाउंडेशन वगैरेंच्या पैशाने परवानग्या पुन्हा घेतल्या गेल्या, २००६ मध्ये मालिका परत दिसली, मग डीव्हीडी संच निघाला. मधली दहा वर्षं ती जगली ती कुणीतरी कपाटात ठेवलेल्या टेपवर. (तिकडून मागवलेला संच आपल्या साध्या प्लेअरवर चालत नाही, हेही सांगून ठेवतो. त्यांच्या डिस्कचा रिजन १, आपला ५. कंपन्यांनी डिस्कलाही वेशीबाहेर ठेवायची सोय केलेली आहे.)

माझ्या कपाटातली सर्वांत मोलाची डिस्क आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'ची आहे. ही रीतसर विकतची, टपालाने आलेली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या, १० माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवलं. त्यांना पटवर्धनांनी आधी 'हमारा शहर'मध्ये चित्रित केलेलं होतं. तिथून सुरू झालेलं काम १४ वर्षं चाललं. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा दावा होता. सिनेमा त्या दाव्याची चिरफाड करतो.

तो सिनेमा आम्ही विहारात दाखवला. तीन तासांहून मोठा, मधे दोनदा लाईट गेली. रमाबाई नगराचा भाग चालू असताना वस्तीतले एक म्हातारे, सगळे त्यांना तात्या म्हणतात, उठून पडद्याजवळ गेले.

"थांबव रे, थांबव. मी तवा घाटकोपरलेच होतो."

पोरं गप्प. इतकी वर्षं गावात राहून हे कुणाला माहीत नव्हतं. मुंबईत मजुरी केली, एवढंच माहीत.

"सकाऊन कामाले निघालो तं रस्त्यावर हे लोकं. कोनी म्हने पुतळ्याले चपलाचा हार घातला. मी म्हनलं पाहून येतो. मंग आवाज झाले. मले वाटलं टायर फुटले. मांगं पाह्यलं तं रस्त्यावर नुसत्या चपलाच चपला, मानसं पळाले अन् चपला राह्यल्या."

मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. २२ मिनिटं ते बोलले. कुणाच्या घरी लपले, संध्याकाळी कसे निघाले, आठ दिवस कामावर का गेले नाहीत, मुकादमाने पैसे कसे कापले. विदेशी संचात 'कॉमेंट्री' नावाचा वेगळा आवाजाचा पट्टा असतो, सिनेमा चालताना जाणकार माणूस बोलत जातो. आमच्या डिस्कची कॉमेंट्री तात्यांनी केली. ती आता त्या डिस्कसोबतच ठेवलेली आहे, तारखेसह.

तेव्हापासून मी कपाटाची मांडणी बदलली. प्रत्येक सिनेमाला बुटाचा एक रिकामा डबा. आत डिस्क, त्या विषयाची वर्तमानपत्रातली कात्रणं, आपल्याकडे तो कधी, कुठे, किती लोकांपुढे दाखवला त्याचा कागद, आणि पाहणाऱ्यांपैकी कुणी काही सांगितलं असेल तर तेही. 'फँड्री'च्या डब्यात सातवी-आठवीच्या पोरांनी शेवटच्या दगडाबद्दल लिहिलेली १७ पानं आहेत. 'कोर्ट'च्या डब्यात वीरा साथीदारांच्या निधनाची एप्रिल २०२१ मधली बातमी आहे. ते आपल्या नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक होते, हे अनेक पोरांना त्या कात्रणावरून कळलं. स्टार प्रवाहवरच्या 'महामानवाची गौरवगाथा'चा डबा मात्र रिकामा आहे. मालिका ओटीटीवर आहे, माझ्या हातात नाही.

सिनेमांचं एक वेळ ठीक आहे, त्यांच्या प्रती कुठे ना कुठे असतील. ज्या डिस्कची जगात एकच प्रत आहे तिचं काय? २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी जयंतीच्या मिरवणुका, जलसे, धम्म परिषदा, खैरलांजीनंतरचे मोर्चे शूट केले आणि मंडळाला एक-दोन सीड्या दिल्या. त्या आज टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, पत्र्याच्या घरात पडून आहेत. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातून एक पोरगा त्याच्या आजीची सीडी घेऊन आला. आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. २००४ च्या जयंतीत तिने स्टेजवरून ते सगळं सांगितलं होतं. ड्राइव्ह घरघरत राहिला, डिस्क उघडली नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर नाही, जुन्या प्लेअरवर नाही. शूटिंगवाल्याकडे गेलो, त्याने मूळ कॅसेटवर केव्हाच दुसरं लग्न घेतलेलं. आजी जाऊन नऊ वर्षं झालीत. पोरगा म्हणाला, "पंधरा मिनटं बोलली व्हती, दादा." त्यावर मी काय बोलणार?

कारखान्यात छापलेली डिस्क आणि घरी 'राइट' केलेली डिस्क यांत फरक आहे. छापलेलीची खालची बाजू चंदेरी असते, ती बरीच टिकते. राइट केलेली जांभळट किंवा हिरवट-निळी दिसते, तिच्यात रंगाचा थर असतो आणि ऊन-उष्णतेने तो मरतो. आपल्याकडच्या एकुलत्या एक प्रती जवळजवळ सगळ्या या दुसऱ्या जातीच्या. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह हजार-दीड हजारात येतो. डिजेच्या एका तासाच्या पैशात येतो, हे मंडळांच्या अध्यक्षांनी लक्षात घ्यावं. डिस्कवरचं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि दोन हार्ड डिस्कवर ठेवायचं, दोन वेगळ्या घरांत. यूट्यूबवर टाका, पण तेवढ्यावर विसंबू नका.

आमच्याकडे ड्राइव्ह आहे, दोन हार्ड डिस्क आहेत आणि रविवारी दुपारी बसणारी चार पोरं आहेत. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेडराजा, जवळच्या कुणाहीकडे १४ एप्रिल, धम्म परिषद, जलसा, मोर्चा असं काही लिहिलेली सीडी असेल, किंवा काहीच न लिहिलेली असेल, तरी घेऊन या. पुसू नका, धुऊ नका, आहे तशी कापडात गुंडाळून आणा. तुमच्यासमोर प्रत काढून डिस्क तिथल्या तिथे परत देऊ. येताना घरातलं एखादं जुनं माणूसही सोबत आणा. मिरवणुकीत कोण कोण चाललंय त्यांची नावं त्यालाच सांगता येतील.