कागदाची गदा

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातील पितळी परात नाहीशी झाली. बरीच शोधाशोध केल्यावर ती माडीवर सापडली. पण ती पालथी घातलेली होती, तिच्या पाठीवर तेलाचा हात फिरवलेला होता आणि वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्यांनी ती निम्मीअधिक झाकून गेली होती. शेजारी खळीचे पातेले घेऊन आमची नात बसली होती. तिच्या कोपरापर्यंत खळ लागली होती आणि चेहऱ्यावर मोठ्या कामात गढून गेलेल्या माणसाचे गांभीर्य होते.

"आजोबा, परात मागू नका हं. आता ती ढाल आहे," ती म्हणाली.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. चित्रकथांतील वीरांवर प्रेम करणाऱ्यांचे एक संमेलन मुंबईस भरणार होते. तेथे जो तो आपल्या आवडत्या वीराचा वेष करून जातो. आमच्या नातीची आवडती वीरांगना म्हणजे वंडर वुमन. ही १९४१ साली अमेरिकेतील एका चित्रकथेत प्रथम अवतरली. तिचा मुकुट, तिची मनगटावरची कडी आणि तिची ढाल हे सारे नात घरच्या घरी करणार होती. बाजारात अशा वस्तू तयार मिळतात, हे मी तिला सांगून पाहिले. त्यावर ती एवढेच म्हणाली, "मग ती माझी ढाल कशी होणार?"

तिचे म्हणणे खरे होते. १९३९ साली न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा दोन रसिक भविष्यकाळातील माणसांचा वेष करून तेथे गेले होते. ते दोन्ही वेष त्यांपैकी मर्टल डग्लस नावाच्या बाईंनी स्वतः शिवले होते. आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपल्याकडे मोखाडा-जव्हारच्या बाजूला बोहाडा होतो. त्यात देवदानवांचे जे मुखवटे नाचतात, त्यांतील कित्येक कागदाच्या लगद्याचेच असतात. तळकोकणातील दशावतारी नट आपला चेहरा स्वतः रंगवतात. वीराचे सोंग घ्यावे आणि त्याची आयुधे आपल्या हातांनी घडवावी, ही हौस फार जुनी आहे.

त्या ओल्या कागदाचा वास नाकात शिरला आणि मला एकदम माझी गदा आठवली.

ही गोष्ट १९७१ सालची. तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. रायगड हे नाव त्याला पुढे १९८१ साली मिळाले. आमचे पेण गाव मात्र तेव्हाही गणपतींचे गाव म्हणूनच ओळखले जाई. आमचे अण्णा गणपतीच्या एका कारखान्यात कारागीर होते. भाद्रपद सरला, की इतर गावांतील लोक गणपतीला वर्षभर विसरतात. आमच्याकडे तसे होत नाही. आमच्या आळीत बारा महिने मातीचा वास दरवळत असे. कुठे शाडू मळला जात असे, कुठे साचे भरले जात, तर कुठे एखादा कारागीर श्वास रोखून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत असे. ती चालू असताना कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नसे.

त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने अशोकवनाचा प्रवेश बसवला होता. माझा बालमित्र मारुती झाला होता. मी कारागिराचा मुलगा, म्हणून सारी आयुधे करण्याचे काम गुरुजींनी माझ्यावर सोपवले. धनुष्ये, तलवारी, राक्षसांची शिंगे हे सगळे लवकरच आटोपले. राहिली ती गदा.

पहिली गदा मी मातीची केली. ती इतकी जड झाली, की मारुतीला ती दोन्ही हातांनीही पेलेना. आणि तिसऱ्या दिवशी तिला अशा भेगा गेल्या, की तिचे आपोआप दोन तुकडे झाले. अण्णा ते पाहून हसले व म्हणाले, "अरे, नाटकातल्या गदेला वजन दिसावे लागते, असावे लागत नाही. कागदाची कर."

मग त्यांनी मला रीत सांगितली. गदेच्या गोळ्यासाठी एक वाटोळे मडके घ्यायचे. कागद चिकटून बसू नये म्हणून त्यावर तेलाचा हात फिरवायचा. चिंचोक्याची खळ शिजवायची आणि कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायचा. त्या खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या मडक्यावर आडव्या-उभ्या बसवायच्या. एक थर झाला की तो पुरता वाळू द्यायचा आणि मगच दुसरा चढवायचा. असे सात-आठ थर झाले, की ते कवच मधोमध कापून मडके बाहेर काढायचे, दोन्ही अर्धुके बांबूच्या दांड्यावर बसवून सांधायची, खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, काचकागदाने घासायचे आणि शेवटी रंग.

"किती दिवस लागतील?" मी विचारले.

"कागदाला विचार," अण्णा म्हणाले. "बोटाने टिचकी मारून बघ. खणखणीत बोलला तर वाळला. बद्द बोलला तर थांबायचे."

संमेलनास अवघे पाच दिवस उरले होते आणि मला थांबणे ठाऊक नव्हते. दोन थर झाले आणि माझा धीर सुटला. एकेक पट्टी लावत बसण्यापेक्षा कागदाचा लगदा करून एकदमच थापावा, असा विचार मी केला. लगद्याचा बोटभर जाड थर मी मडक्यावर चढवला. दोन दिवसांत तो वरून कोरडा दिसू लागला. मी टिचकी मारली. आवाज बद्द आला. मी पुन्हा मारली. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा मी टिचकी मारलीच नाही. कवच कापले, दांड्यावर बसवले, वरून तेलरंगाचा जाड हात दिला आणि सोनेरी बेगडाचे पट्टे चिकटवले. गदा अशी झळकू लागली, की आळीतील मुले तिला हात लावण्यासाठी रांग लावून उभी राहिली. अण्णा त्या दिवसांत कामासाठी बाहेरगावी गेले होते, हे मला त्या वेळी बरेच वाटले.

संमेलनाच्या दिवशी पडद्याआड मित्राने गदा हातात घेतली. ती थोडी तोलून पाहून तो म्हणाला, "आत नीट वाळली आहे ना रे?"

"वाळली आहे," मी म्हणालो.

पडदा उघडला. सीतामाईची भेट झाली, अंगठी दिली, मारुती वन उद्ध्वस्त करू लागला. राक्षस धावून आले. त्याने गदा उगारली आणि पहिल्याच राक्षसाच्या ढालीवर हाणली. दुसऱ्याच क्षणी गदेचा गोळा दांड्यावरून निसटला, बेगडाच्या एका पट्टीला धरून क्षणभर लोंबकळला आणि धप्पकन रंगमंचावर पडून फुटला. आतला ओला लगदा सर्वांना दिसला. प्रेक्षकांत हशा उसळला. मी विंगेत उभा होतो. माझे पाय जणू जमिनीत रुतले.

मित्र मात्र डगमगला नाही. त्याने हातातील दांडा फेकून दिला, इकडेतिकडे पाहिले आणि पुठ्ठ्याचे एक झाड बुंध्यासकट उचलून त्याने असा काही भुभुःकार केला, की राक्षस झालेली मुले खरोखरच घाबरून पळाली. हसणारे लोक टाळ्या वाजवू लागले. प्रवेश उत्तम वठला.

नाटक संपल्यावर गुरुजींनी आम्हा दोघांना बोलावले. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली. पण गुरुजी मित्राची पाठ थोपटून म्हणाले, "वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातल्या मारुतीच्या हाती गदा नाहीच. दाराचा अडसर, उपटलेला वृक्ष, उखडलेला खांब, जे हाती येईल ते घेऊन तो लढतो. तू आज मूळ कथेप्रमाणेच वागलास." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "आयुधे छान झाली होती हो." गदेविषयी ते काही बोलले नाहीत.

घरी परतताना वाटेत मी मित्राला म्हणालो, "ती वाळली नव्हती. मला ठाऊक होते."

तो काही वेळ मुकाट्याने चालत राहिला. मग म्हणाला, "मला आधी सांगितले असतेस, तर मी ती नुसती खांद्यावर धरली असती. मारली नसती."

तो रागावला असता, तर मला बरे वाटले असते. त्याचे ते साधे बोलणे मात्र आज इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेले नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा परत आले. फुटलेला गोळा हातात घेऊन त्यांनी बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "रंगाने ओल झाकते, मरत नाही."

ही सारी हकीकत मी नातीला सांगितली नाही. टिचकी कशी मारायची, तेवढे मात्र दाखवले. तिने थरावर थर चढवले आणि रोज सकाळी ढालीला कान लावून टिचकी मारली. संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी रंगाचे डबे उघडून ती बसली होती. मध्यभागी ढाल खणखणीत बोलली. कडेजवळ मात्र आवाज बद्द आला. ती माझ्याकडे पाहू लागली. मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तिने डब्यांची झाकणे एकेक करून पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी मुंबईस त्या गर्दीत नाना रंगांची चिलखते आणि शिरस्त्राणे झगमगत होती. आमच्या नातीच्या ढालीवर मात्र वर्तमानपत्राची काळी अक्षरे जशीच्या तशी दिसत होती. एका मुलाने थांबून तिला विचारले, "ही रंगवली का नाहीस?"

"अजून ओली आहे," ती म्हणाली आणि ढाल सावरून पुढे चालू लागली.