कलम ३४

माझ्या मित्राच्या शोकसभेत जो उठला तो त्याला दानशूर उद्योजक म्हणत होता. मला रागच आला. दानधर्माची त्याला कधी हौस नव्हती. त्याला भांडायचं असायचं.

नागपूरच्या एलआयटी कॉलेजात आम्ही बरोबरचे. तो ऑइल टेक्नॉलॉजीला होता. पुढे हिंगण्याच्या एमआयडीसीत साबणाचा छोटा कारखाना टाकला, लग्न झालं, मुलगा झाला. मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला. नवराबायको दोघंही वाहक, पण दोघांनाही पत्ता नाही. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात रात्री काढताना गडचिरोली-गोंदियाकडच्या लोकांशी ओळखी झाल्या आणि कारखान्याची मेटॅडोर पेशंट पोचवू लागली. माल पडून राहायचा. वहिनींनी हिशेब धरून ठेवला म्हणून कारखाना टिकला. सभेत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

१९९५च्या अपंगांच्या कायद्यात सिकलसेल नव्हता. नागपूरचे संपत रामटेके त्यासाठी वर्षानुवर्षं झटले, हाही त्यांच्या सभांना जायचा. २०१६चा कायदा आला, अपंगत्वाचे सातचे एकवीस प्रकार झाले, त्यात सिकलसेल आला. याने आम्हाला तर्री-पोहे खाऊ घातले.

मग त्याने कायदा वाचला. कलम ३२ : उच्च शिक्षणात राखीव जागा, किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या कुणालाही. कलम ३४ : सरकारी नोकरीत चार टक्के, पण त्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया नाहीत. ‘‘अबे, शिकवून राहिले अन् मग घरी बसवून राहिले!’’ भेटेल त्याला हेच. लोक टाळायला लागले. तरी निवेदनं चालूच. सांधे ठणकतात ते बाहेरून दिसत नाही ना. पोरगा धडधाकट दिसतो, मग टेबलामागचा बाबू विचारतो, तुला झालंय काय?

मला विचाराल तर लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट बघावा. तो मात्र हे चारचौघांत कधी बोलला नाही. पोरगा समोर बसलेला असायचा.

आणि दानशूर नव्हता म्हणतो खरा, पण त्या मेटॅडोरचं डिझेल काय सरकार भरत होतं?

मुलगा आता कारखाना बघतो, चांगला बघतो. नोकरीची त्याला गरज उरलेली नाही. निवेदनांची फाइल तरीही त्याने बंद केलेली नाही. वॉर्डातल्या बाकीच्या पोरांच्या बापांचे काही कारखाने नाहीत.