पूर्वरंग किती असावा?

महालांतील आमच्या जुन्या वाड्याचा माळा अद्यापि शाबूत आहे, आणि त्या माळ्यावर बसून आमचा पुतण्या चित्रपट लिहितो. अभियांत्रिकीची पदवी हातीं असतां त्यास हा उद्योग कोठून सुचला, हें विचारण्याचें धैर्य घरांत कोणासहि नाहीं. गेल्या पावसाळ्यांत त्यानें चाळीस पानांची एक संहिता आमच्यापुढें ठेविली आणि "काका, काय वाटेल तें स्पष्ट सांगा," असें बजाविलें.

कथा अशी. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरलेला एक मराठी अंतराळवीर; त्याचें परतीचें यान बिघडतें, आणि समोर चंद्रावरची रात्र उभी राहते. ही रात्र आपल्या हिशोबानें सुमारें चौदा दिवसांची. सूर्य नाहीं म्हणजे सूर्यावर चालणारी वीज नाहीं, आणि थंडी शून्याखालीं शंभर अंशांच्याहि पलीकडे. २०२३ च्या २३ ऑगस्टला चंद्रयान-३ चा 'विक्रम' तिकडे उतरला, तो आणि त्याच्या पोटांतील 'प्रज्ञान' हे दोघेहि एका चांद्रदिवसापुरतेच घडविलेले होते. रात्र सरल्यावर त्यांस जागें करण्याचा यत्न झाला. ते जागे झाले नाहींत. पुतण्यानें हें सारें नीट अभ्यासिलें होतें. जेथें यंत्रें निजलीं तेथें माणूस चौदा दिवस कसा तग धरील, हा प्रश्न वाचतांच आमच्या अंगावर कांटा आला.

परंतु तो प्रश्न आमच्या हातीं लागला पंधराव्या पानावर! पहिल्या चौदा पानांत नायकाचें बालपण, वडिलांशीं बेबनाव, रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणांत त्यास झालेला साक्षात्कार, धरमपेठेंतील एक मुलगी, ठरलेला साखरपुडा आणि मोडलेला साखरपुडा, एवढा संसार मांडलेला. चंद्राची रात्र चौदा दिवसांची, आणि तिची वाट पाहणेंहि चौदा पानांचें.

लहानपणीं आम्ही आजोबांचें बोट धरून कीर्तनास जात असूं. बुवांचा पूर्वरंग रंगांत आला कीं आम्ही खांबास टेकून खुशाल निजावें, आणि उत्तररंगाचें आख्यान लागलें कीं आजोबांनीं कोपरानें ढोसून उठवावें, असा क्रम होता. तेव्हांपासून पूर्वरंगाविषयीं आमच्या मनांत थोडी अढी आहे, हें वाचकांपासून लपवीत नाहीं. पुतण्यास आम्हीं सांगितलें, "हीं चौदा पानें फाड."

तो म्हणाला, "मग हा माणूस कोण, हें लोकांना कळणार कसं?"

प्रश्न रास्त होता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या ३ मे रोजीं मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला, तेव्हां हरिश्चंद्र कोण आणि विश्वामित्र त्याच्या मागें कां लागला, हें सांगण्याचा भार फाळक्यांवर फारसा नव्हता. प्रेक्षक तें घरूनच घेऊन आला होता. १९३२ सालीं प्रभातनें तीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलती केली, तेव्हांहि तोच लाभ. विज्ञानकथेस हें भाग्य नाहीं. चंद्रावर अडकलेल्या माणसाचें पुराण कोणत्याहि आजीनें नातवास सांगितलेलें नसतें. म्हणून अशा चित्रपटाचा कर्ता घाबरतो, आणि घाबरला म्हणजे बोलत सुटतो.

आम्हीं पुतण्यास दोन चित्रपटांचा दाखला दिला. 'अ क्वाएट प्लेस' हा २०१८ चा चित्रपट आरंभ करतो तोच संकटाच्या एकोणनव्वदाव्या दिवशीं. आवाज ऐकून झडप घालणारे ते प्राणी कोठून आले हें कोणी सांगत बसत नाहीं. वर्तमानपत्रांचे कांहीं मथळे ओझरते दिसतात, एवढेंच. एक कुटुंब अनवाणी, मुक्यानें चालतें, आणि तें कशास भीत आहे हें आपण त्यांच्या पावलांवरून शिकतों. त्याच्या लेखकांपैकीं स्कॉट बेक आणि ब्रायन वुड्स या जोडीनें २०२३ सालीं 'सिक्स्टी फाइव्ह' हा चित्रपट केला. साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या पृथ्वीवर आदळलेला एक वैमानिक, भोंवतीं महाकाय सरडे. याहून अधिक काय हवें? परंतु येथें आरंभीं समुद्रकांठ, नायकाची आजारी मुलगी, तिच्या उपचारांचा खर्च आणि त्याकरितां पत्करलेला दूरचा प्रवास. पुढें अधूनमधून त्या मुलीच्या चित्रफितीहि. संकट बिचारें दाराशीं तिष्ठत उभें. आमच्या मतें तरी त्या मुलीनें सरड्यांचें भय वाढविलें नाहीं.

आणि २०१५ चा 'द मार्शियन' पाहा! मंगळावर एकटा राहिलेला तो गृहस्थ वनस्पतिशास्त्र जाणतो, एवढें पूर्ववृत्त त्याजपाशीं आहे, आणि तो तें बटाटे पिकवून वसूल करतो. आईबापांचा उल्लेख ओझरता. जेवढी शिदोरी वाटेंत सोडून खाल्ली जाईल तेवढीच बांधावी, असा आमचा सिद्धांत आम्हीं तेथल्या तेथें मांडला, आणि तो आम्हांस इतका आवडला कीं तो सिद्ध करून दाखविण्यासाठीं त्याच रात्रीं घरच्या दूरचित्रवाणीवर २०१३ चा 'ग्रॅव्हिटी' लाविला.

या चित्रपटावर आमचा एक जुना आक्षेप होता. पृथ्वीभोंवतीं निराधार तरंगणारी ती बाई सोबत्याच्या पृच्छेवरून सांगते कीं आपली लहान मुलगी शाळेंत खेळतां खेळतां पडली, डोकें आपटलें, आणि संपलें. बातमी आली तेव्हां आपण मोटार चालवीत होतों, तेव्हांपासून केवळ चालवीतच राहिलों आहों. श्वासापुरता प्राणवायु उरलेला असतां ही उसनी करुणा कशास, असें आम्ही म्हणत आलों होतों. "हें एवढें भाषण काढलें तर काय बिघडेल, लक्ष ठेवून पाहा," असें आम्हीं पुतण्यास सांगितलें.

आमची आई शेजारींच वाती वळीत बसली होती. वय ब्याऐंशी. इंग्रजी येत नाहीं, आणि पडद्याखालचीं अक्षरें आतां डोळ्यांस दिसत नाहींत. तें भाषण झालें तेव्हां तिनें मानहि वर केली नाहीं. पुढें ती बाई एका रशियन यानांत एकटीच सांपडते. बिनतारी यंत्रावर पृथ्वीवरचा कोणी अनोळखी माणूस परक्या भाषेंत बोलतो, त्याचीं कुत्रीं ओरडतात, आणि मग एका तान्ह्या मुलाचें रडणें ऐकूं येतें. बाईच्या डोळ्यांतला थेंब सुटून हवेंत तरंगत आपल्याकडे येतो.

आई म्हणाली, "हिचं लेकरूं गेलेलं आहे रे. त्या पोराचा आवाज ऐकून रडून राहिली ती."

पुतण्यानें चित्रपट थांबविला. "आजी, तुला कसं कळलं?"

"कळते," आई म्हणाली.

आमच्या जन्मापूर्वीं आईस एक मुलगी झाली होती. तापानें गेली. हेंहि आम्हांस एका मावशीच्या तोंडून, तेंहि चुकून, कळलेलें. आईनें स्वतः तो विषय आमच्यासमोर कधीं काढला नाहीं, आणि आम्हींहि विचारला नाहीं. आमच्या पिढींत अशा गोष्टी विचारीत नसत.

आतां आमच्या सिद्धांताचें काय झालें? भाषण अनावश्यक होतें हें आईनें सिद्ध केलें; तिला त्यांतला एक शब्दहि कळला नव्हता. परंतु तें मूल अनावश्यक नव्हतें. मूल नसतें तर तें रडणें नुसतें रडणें राहिलें असतें, आणि तो थेंब कोणाच्याच ओळखीचा झाला नसता. फाळक्यांचा प्रेक्षक हरिश्चंद्र घरून घेऊन आला होता. आईहि कांहीं घरून घेऊन बसली होती, आणि आम्ही तिच्याच घरांत राहून तें पाहिलें नव्हतें. पुतण्यानें केलेला साखरपुडा आम्हीं केवळ लांबी मोजून नापास केला होता. चौदा दिवसांच्या अंधारांत त्या माणसाच्या हातून त्याचें काय होतें, हें पाहिलेंच नव्हतें.

पुतण्या तरुण, त्यास आमचा संकोच नाहीं. चित्रपट पुन्हां सुरू करण्यापूर्वीं त्यानें विचारलें, "आजी, नांव काय होतं तिचं?"

आईनें नांव सांगितलें. साठ वर्षांत आम्हीं तें प्रथम ऐकिलें. वय किती होतें, ताप कसला होता, पुढें काय झालें, यांतलें कांहींच ती बोलली नाहीं. कापूस पुढें ओढून तिनें पुन्हां वात वळावयास घेतली.

नवी संहिता परवां हातीं आली. चौदा पानांचीं दोन झालीं आहेत. पुतण्या आमच्या तोंडाकडे पाहत उभा होता. त्या दोहोंतलें एखादें कमी कर म्हणून सांगावें असें ओठांवर आलें होतें, पण सांगितलें नाहीं.