घरी येताय ना? मग विमानात बसण्याआधी हे वाचा

दरवर्षी दिवाळीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस माझ्या दवाखान्यात एका खास प्रकारचे पेशंट वाढतात. कुणी अमेरिकेतून आलेलं असतं, कुणी इंग्लंडहून, कुणी दुबई-मस्कतहून. कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणाची बीपीची गोळी संपलेली असते, तर कुणाच्या मुलाचा ताप तीन दिवस उतरत नसतो. मी विचारतो, "निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांना भेटला होतात का?" उत्तर ठरलेलं असतं, "अहो डॉक्टर, घरीच तर येत होतो!"

हीच माणसं केनियाला किंवा ब्राझीलला निघाली, तर लसींची यादी काढतात, औषधांची पिशवी भरतात, विमा बघतात. घरी यायचं म्हटलं की त्यांना तो प्रवास वाटतच नाही. आणि खरं सांगायचं तर इथे वाट बघत बसलेल्या आम्हालाही तो वाटत नाही. मी स्वतः डॉक्टर असून यात कसा चुकलो, ते आधी सांगतो.

आठ वर्षांपूर्वी आमची आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. दादा न्यू जर्सीत असतो, तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. मिळेल ते तिकीट काढून तो निघाला. सीट मधली मिळाली. झोप लागावी म्हणून त्याने गोळी घेतली आणि जवळजवळ १५ तास तो जागेवरून हलला नाही. मध्यरात्री मुंबईत उतरला आणि तसाच गाडीत बसून सकाळी साताऱ्याला पोचला. आल्या आल्या आईच्या खाटेशेजारी खुर्चीत बसला.

सहाव्या दिवशी स्वयंपाकघरात चहा घेताना म्हणाला, "अरे, डावी पोटरी दुखतेय." मी पायाकडे न बघताच म्हटलं, "दादा, प्रवासाचा शीण आहे. तेल लाव जरा."

नवव्या दिवशी हॉस्पिटलचा जिना चढताना त्याला धाप लागली आणि तो पायरीवरच बसला. तपासण्या झाल्या. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचे तुकडे फुफ्फुसात गेले होते. वेळेत निदान झालं म्हणून तो वाचला. रक्त पातळ ठेवणारी औषधं पुढे काही महिने चालली आणि परतीचं तिकीट रद्द करावं लागलं.

गुठळी होऊ नये म्हणून आईला ऑपरेशननंतर रोज इंजेक्शन दिलं जात होतं. ते वेळेवर दिलं की नाही, हे मी स्वतः जाऊन बघत होतो. समोरच्या भावाची पोटरी मात्र मी बघितली नाही. तोच माणूस दवाखान्यात पेशंट म्हणून आला असता, तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफीला पाठवला असता. पण तो "घरी आलेला" होता.

पायांची काळजी

पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात. तासन् तास पाय दुमडून बसलं की हा पंप बंद पडतो आणि रक्त साकळू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात निरोगी माणसाला गुठळी होण्याचं प्रमाण साधारण ६,००० प्रवासांत १ एवढं आहे. म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही. पण ज्यांना आधी कधी गुठळी झाली आहे, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, ज्यांना कॅन्सर आहे, ज्या गरोदर आहेत किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेतात, ज्यांचं वजन खूप जास्त आहे, त्यांना धोका जास्त असतो. त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

इतरांसाठी साधे उपाय पुरेसे आहेत. शक्यतो कडेची, मार्गिकेलगतची सीट घ्या. जागे असताना दर तास-दीड तासाने उठून चाला. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला. पाणी पीत राहा. झोपेची गोळी आणि दारू टाळा, कारण त्या गुंगीत माणूस कूसही बदलत नाही. धोका जास्त असलेल्यांना डॉक्टर घट्ट मोजे सांगतात. ते मापाचेच हवेत. निव्वळ विमानप्रवासासाठी मनानेच अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

आणि एक गोष्ट आपण सगळेच विसरतो. प्रवास मुंबई विमानतळावर संपत नाही. पुढे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक असतंच. तेही बसणंच आहे. घरच्यांनी गाडी वाटेत दोन-तीनदा थांबवावी आणि पाहुण्यांना चालायला लावावं. ड्रायव्हरलाही त्या निमित्ताने चहा मिळतो, जो रात्रीच्या वेळी गरजेचा असतो.

गुठळीचा धोका प्रवासानंतर काही आठवडे राहतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम लागली, तर तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर सरळ हॉस्पिटल गाठा.

औषधं, आणि विशेषतः इन्सुलिन

रोजची सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मूळ पाकिटात, आणि मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्तीची. सोबत प्रिस्क्रिप्शन ठेवा, पण त्यावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव इथे वेगळं असतं. कधी मूळ नावही बदलतं. अमेरिकेतलं अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, तिथलं अल्ब्युटेरॉल म्हणजे आपलं सालब्युटामॉल. इंग्लंडहून येणाऱ्यांची साखर वेगळ्या एककात मोजली जाते. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपल्याकडचा आकडा येतो. म्हणजे तिथली ७ ही इथली १२६.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचे चार शब्द दोनदा वाचावेत. अमेरिकेत इन्सुलिनच्या बाटलीत दर मिलिलिटरला साधारणपणे १०० युनिट असतात. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांत ४० असतात. सिरिंजही त्या त्या ताकदीची वेगळी येते. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली, तर डोस अडीचपट जातो आणि साखर धोकादायक खाली येते. उलट झालं, तर डोस निम्म्याहून कमी पडतो. म्हणून इन्सुलिन, सिरिंज किंवा पेनच्या सुया सगळं घरूनच आणा. इथे घ्यावंच लागलं, तर बाटली आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, ते दुकानातच बघा. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका. तिथे गोठलं, तर ते निकामी होतं.

न्यूयॉर्कहून भारतात येताना घड्याळ साडेनऊ किंवा साडेदहा तास पुढे जातं, म्हणजे तुमचा तो दिवस तेवढा लहान होतो. इन्सुलिनचे दोन डोस एकमेकांजवळ येऊ शकतात. त्या दिवशी किती आणि कधी घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा आणि प्रवासात साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. थायरॉइडची गोळी काही तास मागेपुढे झाली, तर बिघडत नाही. फिट्सच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचं मात्र तसं नाही. त्यांच्या वेळाही विचारून घ्या.

"आम्ही याच पाण्यावर वाढलो"

हे मला रोज ऐकायला मिळतं, आणि ते खरंही आहे. पण पंधरा वर्षं दुसरीकडे राहिल्यावर इथल्या जंतूंशी असलेली शरीराची ओळख पुसट होते. तिथे जन्मलेल्या मुलांना तर ती कधी नव्हतीच. अमेरिकेत टायफॉइड होणाऱ्यांपैकी बहुतेक जण परदेशात, मुख्यतः दक्षिण आशियात, जाऊन आलेले असतात आणि त्यांत नातेवाइकांना भेटायला गेलेलेच जास्त असतात.

म्हणून निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. टायफॉइडचं इंजेक्शन किमान दोन आठवडे आधी घ्यावं लागतं. मुलांच्या हिपॅटायटिस ए आणि गोवरच्या लसी झाल्या आहेत का, तेही बघा. इथे आल्यावर उकळलेलं किंवा सीलबंद पाणी प्या. गरम, ताजं जेवण मनसोक्त जेवा. पाणीपुरीचं पाणी, बर्फ घातलेला उसाचा रस, कापून ठेवलेली फळं टाळा. यजमानांनी आग्रह पुरणपोळीचा करावा, पाण्याचा नको. जुलाब झाले, तर आधी ओआरएस.

मुलं गल्लीतल्या कुत्र्याला हमखास हात लावायला जातात. चावा, ओरखडा काहीही झालं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-मिरची लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा.

ताप आला, तर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको. परत गेल्यावर ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा, "मी भारतात जाऊन आलो आहे." मलेरिया काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, डोकं वर काढतो.

परत जाताना

आखातात परतणाऱ्यांनी इथल्या दुकानातून घेतलेली औषधं नीट बघावीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी परवानगीशिवाय संयुक्त अरब अमिरातीत नेणं गुन्हा ठरू शकतो. तिथे खसखसही चालत नाही, तेव्हा आईने प्रेमाने दिलेले अनारसे इथेच संपवून जा.

अचानक निघावं लागलं तर

तुम्ही म्हणाल, सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटायला वेळ असतो कुठे? बरोबर आहे. रात्री फोन येतो आणि सकाळी विमान असतं. ज्यांचे आईवडील इथे आहेत, त्या प्रत्येकाला मी म्हणून सांगतो की एक छोटी पिशवी आजच भरून ठेवा. त्यात दोन आठवड्यांची औषधं, प्रिस्क्रिप्शनची प्रत, ओआरएस, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी सांगितले असतील तर मोजे ठेवा. फ्रिजमधलं इन्सुलिन निघताना आठवावं, म्हणून पिशवीवर चिठ्ठी लावा. टायफॉइडची लस आधीच घेऊन ठेवा. तिचं संरक्षण काही वर्षं टिकतं.

आणि इथल्या घरच्यांना एक विनंती. पाहुणा आला की चहा द्याच, पण चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा विचारा, "पाय दुखत नाहीत ना? औषधं वेळेवर चालू आहेत ना?" दादा आता येतो, तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावून मी दोन्ही पोटऱ्या बघतो. आई हसते. हसू दे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांचे डोस आणि लसी यांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)