किल्लारीचे नवे घर

लातूरहून औशामार्गे दक्षिणेस निघाले म्हणजे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख लागतो आणि सुमारे ४० किलोमीटरांवर किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे येथे झालेला भूकंप वाचकांस ठाऊक आहेच. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा निजले आणि चार वाजण्याच्या सुमारास घरेच माणसांवर कोसळली. लातूर व धाराशिव (त्या वेळचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. पुढे ५२ गावे मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसविण्यात आली. त्यांतील एखादे घर व त्याचा शेजार पाहावा, या हेतूने आम्ही नव्या किल्लारीत गेलो.

परंतु नवे घर समजावयाचे तर आधी जुने समजले पाहिजे. इकडील जुने घर माळवदाचे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या व त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. भोवती रुंद दगडी भिंती. घराचा आकार खणांवर मोजावयाचा. दारातून शिरले की ढाळज, मग चौक, कडेला ओसरी. ऐन वैशाखातही आत गारवा. माळवदावर दिवसा कुरडया वाळावयाच्या आणि रात्री अंथरुणे पडावयाची. मग अशा घरात उणे ते काय? भिंतींतील दगड नुसत्या मातीत बसविलेले आणि आतला-बाहेरचा थर सांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. शिवाय माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती पसरावयाची. आजोबा-पणजोबांनी असा एकेक थर चढवून जे घर जपले, त्याचे छप्पर त्या जपणुकीनेच जड झाले. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. तेव्हा सारा दोष दगडाच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

नवी घरे जमिनीच्या मानाने मिळाली: भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांस ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांस ७५०. बांधकाम मजबूत आहे. त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. रस्ते मात्र शहराच्या एखाद्या कॉलनीसारखे सरळ आणि ऐसपैस. पुनर्वसनाच्या पुष्कळ गावांत सारख्या मापाची घरे एका ओळीत आल्याने भाऊबंद पांगले, आळ्या मोडल्या. पूर्वी ओसरीवरून समोरच्या घरी बोलता येई. आता मध्ये रुंद रस्ता आणि त्यावर दुपारचे ऊन. गुरांना तर आराखड्यात जागाच नव्हती!

आम्ही गेलो ते घर ४०० फुटांचे. घरच्यांनी पुढे पत्र्याचा सोपा काढला होता. एका कडेला म्हैस, दुसऱ्या कडेला चूल. पत्रा तापतो, मग माळवद का नाही घातले, असे आम्ही गृहिणीस विचारले.

“पत्रा पडला तर माणूस उठतंय,” ती म्हणाली आणि चहाचे आधण ठेवावयास वळली.

तोवर पलीकडच्या ओळीतून तिची जाऊ सूप घेऊन रस्ता ओलांडीत आली. दोघी त्या सोप्यात ज्वारी निवडावयास बसल्या. पुढील बोलणे घरगुती होते. आम्ही चहा घेऊन उठलो.